खांदमळणीला हललेला हात

मी आशा वर्कर. गावात कुणी करणी-बाधा म्हटलं की त्याला रागावून दवाखान्यात पाठवणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण घडलंय माझ्याच अंगणात, वडवणीपासून चार किलोमीटरवर, चांगल्या उजेडात.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मेंदूज्वर झाला. दीड महिना बेशुद्ध. वाचले, पण बोलणं गेलं, ओळख गेली — निदान माझी तरी. शिवाय उजवा हात पोटाशी आखडला. अंबाजोगाईला डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला : कोपराभोवतीच्या मांसात नवीन हाड तयार झालेलं. मेंदूच्या आजारानंतर कधी कधी होतं म्हणाले. सांधा पूर्ण जाम, ऑपरेशनशिवाय हलणार नाही.

आठ महिने मी भरवलं, पुसलं, बाही उसवून शर्ट घातले. माझ्याकडे बघायचे ते भिंतीकडे बघावं तसं. आणि हरण्या, आमचा बैल, गोठ्यात नुसता हंबरला की लगेच मान वळायची! हो, जळायचे मी. बैलावर. हसा खुशाल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी — बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. दरवर्षी ते काम ह्यांचंच. सासूबाई म्हणाल्या, "त्येचा हात तरी लागू दे, लई जीव हाय त्येचा हरण्यावर."

मी ह्यांच्या उजव्या तळहाताला लोणी फासलं, हरण्याला खुर्चीपाशी आणलं... आणि हात उलगडला. कोपरातून, सरळ. हरण्याच्या खांद्यावरून तीनदा फिरला, पार वशिंडापर्यंत.

"आगं बया! हात कसा लांबला गं ह्येचा?" सासूबाई रडायलाच लागल्या.

मग हात परत पोटाशी. हळूच ओढून पाहिला, तर दगड. त्या संध्याकाळी हरण्याला पेंड घातली नाही मी.

पुढच्या आठवड्यात एक्स-रे काढला. हाड होतं तसंच, अखंड. डॉक्टरांना मी काही बोलले नाही. त्यांनी विचारलं असतं, कुणासाठी हलला?

एक गोष्ट सासूबाईंनाही ठाऊक नाही. पोळ्याला सगळे बैल मिरवायला गेले, तेव्हा मी उरलेलं हळद-लोणी ह्यांच्या त्याच तळहाताला लावलं, पदर बाजूला घेतला आणि माझा खांदा पुढे करून बसले. बैल परत येईपर्यंत बसले.

हात हलला नाही.

जाम झालेला सांधा त्या दिवशी कसा हलला, ते मला आजवर कळलेलं नाही. खरं सांगू, ते राहू द्या. माझ्यासाठी का हलला नाही, एवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.