देवकाबाईंनी कापलेली सोळा पानं

देवकाबाई नाकाडे यांच्याजवळ काडीपेटीच्या रिकाम्या खोक्यात दाढीची एक पत्ती कायम असायची. लाखांदूरच्या बसस्टँडजवळ एका डॉक्टरीणबाईंचा खाजगी दवाखाना होता, तिथं त्या आया होत्या. त्या काळी रोगी औषधासाठी घरूनच बाटली घेऊन यायचा. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरायचा आणि बाटलीच्या कडेला एक कागदाची पट्टी चिकटवायचा. पट्टीला जितके दात, तितके डोस. ही पट्टी कापण्याचं काम देवकाबाईंचं. शिवाय फरशी पुसणं, स्टोव्हवर सुया उकळणं आणि रात्री-अपरात्री खेड्यावर बाळंतपण निघालं तर डॉक्टरीणबाईंसोबत कंदील घेऊन जाणं.

मी तेव्हा लाखांदूरला सहकारी संस्थेत हेडक्लार्क होतो आणि गावच्या वाचनालयाचा सचिव. नागपूरला कॉमर्स शिकलेलो असल्यामुळे रजिस्टरं माझ्याकडे आली होती. त्यांत माझा जीव होता तो अभिप्राय वहीवर. तारीख, पुस्तक क्रमांक, वाचकाचं नाव, अभिप्राय, सही असे रकाने मी स्वतः आखायचो. पुस्तक परत करताना प्रत्येक सभासदानं आपल्या हातानं निदान पाच ओळी लिहायच्या, असा आमच्या वाचनालयाचा नियम होता. तो केला होता अध्यक्षांनी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक वासुदेवराव दिघोरे. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं.

देवकाबाई अक्षरं शिकल्या त्या चाळिशी उलटल्यावर, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. एकोणऐंशी सालची गोष्ट. वर्ग संपला तशा बाकीच्या बाया धानाच्या कामाला लागल्या आणि शिकलेलं हळूहळू विसरल्या. देवकाबाई मात्र औषधांच्या खोक्यांवरचं, एसटीच्या पाट्यांवरचं, पुड्यांच्या कागदावरचं, दिसेल ते वाचत सुटल्या. मग दवाखान्यातला कंपाउंडर टिकाराम आपल्या कार्डावर त्यांना पुस्तकं नेऊ देऊ लागला. उपकार केल्यासारखं, पण देऊ लागला.

ब्याऐंशी साली त्या एका राणीची कादंबरी वाचत होत्या. निम्म्यावर आल्या असताना टिकारामला दुसरं पुस्तक हवं झालं. त्यानं दवाखान्यातल्या त्यांच्या फडताळातून ते काढलं आणि परत करून टाकलं. दुसऱ्या दिवशी देवकाबाई वाचनालयाच्या दारात उभ्या. आत यायच्या नाहीत.

"बाबूजी, माह्या नावाचं कारड भेटन का?"

"टिकारामचं आहे ना?"

"त्याच्यावर राणी अर्धीच राहिली न जी. किल्ल्यात अडकून आहे बिचारी."

मी अर्ज लिहून घेतला आणि बैठकीत ठेवला. गुरुजींनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वाचता येणं वेगळं, अभिप्राय देणं वेगळं. वही ही वाचनालयाची अब्रू आहे." अर्ज बाजूला पडला. देवकाबाईंनी पुढच्या वर्षी पुन्हा दिला. दोन्ही वेळा खाली त्यांची स्वतःची सही होती. दुसऱ्या वेळची सही पहिलीपेक्षा बरीच सरळ रेघेत होती.

या वेळी गुरुजी म्हणाले, "ठीक आहे. परीक्षा होऊन जाऊ द्या. आठ दिवसांनी रविवारी सर्वसाधारण सभा आहे. एक पुस्तक वाचून त्यांनी सभेत अभिप्राय द्यावा. जमलं तर कार्ड. नाही तर हा विषय कायमचा बंद."

पुस्तकही त्यांनीच निवडलं. 'पाचव्या वॉर्डातले ठोके' असं त्याचं नाव. एका विलायती विनोदी कादंबरीचा मराठी अनुवाद. इंग्लंडमधल्या एका इस्पितळातली प्रेमकथा. हेलन नावाची डॉक्टरीण, तिच्यावर जीव टाकणारा टोबी नावाचा वेंधळा शिकाऊ डॉक्टर, आणि तिला मागणी घालणारा पेंबर्टन नावाचा मोठा सर्जन. बाई दवाखान्यातल्या, तेव्हा पुस्तकही दवाखान्याचं, असा गुरुजींचा विचार. तो न्यायाचाच होता, हे कबूल केलं पाहिजे.

ही कादंबरी आमच्याकडे तीन वर्षांपासून होती आणि वहीत तिच्यावर नऊ अभिप्राय होते. पहिला गुरुजींचा: 'पाश्चात्य जीवनाचे उथळ चित्रण. तथापि नायिका अखेर अनुभवी सर्जनशी विवाह करते, हा शेवट समाधानकारक.' त्याखाली टिकारामचा: 'दवाखान्याची माहिती चुकीची आहे. सर्जनशी लग्न झाले ते बरे झाले.' मग राइस मिलच्या मॅनेजरांचा: 'विनोद बरा. शेवट समाधानकारक.' असे नऊ. त्यांतला चौथा माझा. 'भाषा सुबोध, छपाई निर्दोष, शेवट समाधानकारक.'

मंगळवारी मी घशाचं औषध आणायला दवाखान्यात गेलो होतो. देवकाबाई बाकावर बसून, ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. ओठ हलत होते. टिकाराम गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "कायले डोळे फोडून राहिली देवकाबाई? वहीत वरचं पाह्य आन खाली उतरव. समदे तसंच करतेत."

"मंग पुस्तक कायले देतेत? वहीच द्या म्हणा घरी न्याले."

"दोनशे चाळीस पानं हायेत. रविवारपर्यंत होत नाही तुह्यानं."

"बाळंतपणही रविवार पाहून येत नाही. होते."

टिकारामनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी औषध घेतलं आणि निघून आलो. 'समदे तसंच करतेत' हे मला लागलं होतं, पण का, ते त्या दिवशी मी स्वतःलाही विचारलं नाही.

सभेला दुपारी तीन वाजता साठ-एक माणसं आली होती. एरवी कोरमसाठी मला माणसं गोळा करत फिरावं लागायचं. मागच्या बाजूला बाया बसल्या होत्या, त्यांत देवकाबाईंच्या वर्गातल्या दोघी-तिघी. देवकाबाईंचे यजमान श्रावणभाऊ दाराजवळ उभे होते, डोक्याला दुपट्टा, पाय धानाच्या बांधीतल्या चिखलाचे.

देवकाबाई उठल्या. हातात शाळेच्या वहीचे दोन कागद. आवाज आधी बारीक निघाला.

"हे पुस्तक मी पूर्ण वाचले. दवाखाना मोठा आहे. पण तिथली फरशी कोण पुसते, ते एकदाही लिहिले नाही."

मागून कोणीतरी हसलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"छप्पनव्या पानावर सुया उकळत ठेवल्या आहेत आणि टोबी डॉक्टर हेलनबाईशी तीन पाने बोलत उभा राहतो. एवढ्या वेळात पाणी आटते आणि सुया जळतात. लिहिणाऱ्याने आधी स्टोव्ह बंद करायला पाहिजे होता."

आता हसू पुढच्या रांगेतही आलं. डॉक्टरीणबाई पदराआड हसत होत्या.

"टोबी दोनदा नापास झाला आहे. पण रोग्याला हात लावायच्या आधी तो हात धुतो. मोठा सर्जन रोग्याशी बोलत नाही, खाटेच्या पाटीशी बोलतो. म्हणून हेलनबाईने त्याच्याशी लग्न केले नाही, हे फार चांगले केले."

"थांबा," गुरुजी म्हणाले.

"बाई, इथवर ठीक होतं. पण शेवट तुम्ही वाचलेला नाही. लग्न सर्जनशीच होतं. नऊ सभासदांनी तसं लिहिलं आहे. यादोराव, वही वाचून दाखवा."

मी वही उघडली. गुरुजींचा अभिप्राय वाचला, टिकारामचा वाचला, मॅनेजरांचा वाचला. माझा वाचायची वेळ आली तेव्हा तो भरभर उरकला. दाराशी श्रावणभाऊंनी मान खाली घातली. टिकाराम शेजाऱ्याला कोपर मारत म्हणाला, "सांगतलं होतं, वरचं उतरव म्हणून."

देवकाबाई रडतील असं मला वाटलं. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, चालत आल्या आणि ते टेबलावर ठेवलं.

"गुरुजी, तुमी नऊ जनं शिकलेले. मी तुमाले खोटं म्हनत नाही. पण मले एक सांगा. हे पानं तुमी कशानं वाचले?"

"कशानं म्हणजे?"

"शेवटचे सोळा पानं वरून जोडलेले होते जी. पाकिटावानी बंद. मी बुधवारी पत्तीनं कापले. हे पाहा."

मी पुस्तक हातात घेतलं. दोनशे चोविसाव्या पानापर्यंत कडा तीन वर्षांच्या हातांनी मळून पिवळ्या झाल्या होत्या. पुढची सोळा पानं कोरी करकरीत, आणि वरच्या कडेला पत्तीच्या कापाची ताजी पांढरी रेघ. छापखान्यात शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, कापायचा राहून गेला होता. दोनशे चोविसाव्या पानावर पेंबर्टन हेलनला अंगठी घालतो आणि लग्नाची तारीख ठरते. त्यापुढे जोडलेला गठ्ठा आणि सगळ्यात शेवटी प्रकाशकाची जाहिरात. गुरुजींनी अंगठीवरून शेवट ओळखला होता. आम्ही आठ जणांनी तो गुरुजींवरून ओळखला होता.

आणि मी लिहिलं होतं, 'छपाई निर्दोष'.

मी उभा राहून म्हणालो, "बाई खरं बोलत आहेत. पानं बंद होती. मी ती वाचलेली नाहीत."

मग मागच्या बायांतून एक जण मोठ्यानं म्हणाली, "अवं माय, मंग नऊ जनायनं लगन कोनाचं लावलं?"

आणि सभा जी फुटली! साठ माणसं हसत होती. मॅनेजर टोपी तोंडावर धरून बसले. टिकाराम चप्पल शोधायला लागला.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, ती कापलेली कड बोटानं चाचपली. मला वाटलं, आता सभा बरखास्त. पण ते चाळीस वर्षं मास्तर होते. स्वतःच्या खुर्चीवरून उठले, ती पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा देवकाबाई. वाचा. पान दोनशे पंचवीस."

देवकाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या. लग्नाच्या सकाळी हेलन नटून निघते आणि वाटेत एका शेतकऱ्याच्या घरून निरोप येतो, बाई अडली आहे. हेलन पांढऱ्या झग्यावरच तिथं जाते. वादळात वीज गेलेली. मागोमाग टोबी पोचतो. जुळं असतं, दुसरं मूल आडवं. टोबी दीड तास कंदील धरून उभा राहतो, हात हलू देत नाही. इकडे चर्चमध्ये पेंबर्टन घड्याळ बघून चिडतो आणि निघून जातो. दोन्ही पोरं रडतात तेव्हा हेलन म्हणते, मला माणूस मिळाला. फक्त त्यानं परीक्षा पास होऊन दाखवावी.

वाचायला पाऊण तास लागला. जोडाक्षरावर त्या अडायच्या, मागे जाऊन पुन्हा यायच्या. एकही माणूस उठला नाही. आडव्या मुलापाशी त्या आपणहून थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मात्र बरोबर लिवलं आहे. कंदील असाच धरा लागते, खांद्याच्या वर. नाही तं डॉक्टरीणबाईच्या हातावर तिचीच सावली पडते." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. शेवटच्या वाक्याला गुरुजी हसले. उभ्यानं, मोठ्यानं, पोट धरून.

मग त्यांनी निर्णय सांगितला आणि मी तो कार्यवृत्तात शब्दशः घेतला. देवकाबाई नाकाडे यांस सभासद करून घेण्यात येत आहे. नऊ अभिप्राय रद्द. नऊही सभासदांनी, अध्यक्षांसह, शेवटची सोळा पानं वाचून नवा अभिप्राय लिहावा, तोवर त्यांना दुसरं पुस्तक मिळणार नाही. टाळ्या इतक्या वाजल्या की बाजूच्या ग्रामपंचायतीचा शिपाई काय झालं म्हणून बघायला आला.

कार्डावर नाव मी घालणार होतो. देवकाबाईंनी पेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं. तिथंच त्यांनी पहिलं पुस्तकही मागितलं.

"कोणतं, राणीचं?"

"ते उद्या. आज हेच माह्या कारडावर चढवा."

मी नियमाप्रमाणे पंधरा दिवसांसाठी चढवलं. त्यामागचा हिशेब मला घरी गेल्यावर कळला. प्रत एकच होती, आणि ती आता देवकाबाईंच्या नावावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी छत्री घेऊन त्यांच्या अंगणात उभे होते. श्रावणभाऊंनी आत पाहून हाक दिली, "देवका, मास्तर आले. पुस्तक मांगून राहिले." देवकाबाईंनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि तिथंच वाचायला लावलं. पुस्तक घराबाहेर जाणार नाही, कारड माझं आहे, म्हणाल्या. त्या आठवड्यात गावातली नऊ मान्यवर माणसं एकेक करून त्या बाजेवर बसून गेली. टिकाराम सगळ्यात शेवटी आला. त्याला त्यांनी चहाबरोबर चिवडाही दिला.

माझा नंबर चौथा होता. वाचून झालं, पुस्तक मिटलं, उठायला लागलो तर त्या चुलीपुढून म्हणाल्या,

"बाबूजी, बसा. कंदील कोनं धरला ते सांगा, मंग जा."