तिले चालते

पद्मजाला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते. त्या रविवारी शंकर नगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये तिनं कुकर असा काही घासला, की खालच्या मजल्यावरच्या मिश्रा भाभीनं वर येऊन विचारलं, "दीदी, सब ठीक है ना?" काहीही ठीक नव्हतं. एकुलत्या एक मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि त्या लग्नात मुलाचा हात धरून चालायचा मान जावेला मिळाला होता.

आधी या लग्नाबद्दल सांगायला हवं, कारण असलं लग्न रायपुरात कोणी पाहिलेलं नव्हतं. पद्मजाचा भार्गव इंग्लंडात ब्रिस्टलला नोकरी करतो. त्यानं पसंत केलेली मार्ता तिथलीच. बाप इंग्रज, आई स्पॅनिश. अर्ध्या रायपूरला व्हिसाच्या रांगेत उभं करण्यापेक्षा आम्हीच तिकडे येतो, असं त्या शहाण्या माणसांनी कळवलं आणि तेलीबांध्याचं एक लॉन ठरलं. सकाळी आपल्या पद्धतीनं लग्न, संध्याकाळी त्यांच्या. आता त्यांची पद्धत तरी एक असावी? मार्ताच्या बापाला इंग्रजी केक हवा होता, दारूत मुरवलेल्या सुक्या मेव्याचा, मजल्यावर मजले चढवलेला, आणि त्यातला वरचा मजला म्हणे पहिल्या बाळाच्या बारशाला कापायला ठेवून देतात. आईला स्पेनची रीत हवी होती, नवऱ्यानं नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओतायची.

या सगळ्या ठरवाठरवीचं दफ्तर नानांच्या हॉलमध्ये उघडलं होतं. नाना म्हणजे पद्मजाचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. दर रविवारी बुढापाऱ्यातल्या त्यांच्या घरी मोबाइल टीव्हीला जोडायचा, पडद्यावर ब्रिस्टलची मंडळी, इकडे सोफ्यावर नाना आणि त्यांची बायको कौमुदी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर पद्मजा, म्हणजे नवऱ्या मुलाची आई.

"तेरा?" नाना म्हणाले होते. "तेरावं असते माणूस मेल्यावर. चौदा करा म्हणा त्याहिले."

पडद्यावरचा इंग्रज व्याही विनोद समजून हसला. नाना विनोद करत नव्हते. त्यांनी जन्मात कधी केलेला नाही.

मग व्याहीणबाईंनी आणखी एक रीत सांगितली आणि भार्गवनं तिचा अर्थ लावून दिला. मुलगी बापाचा हात धरून येते हे सगळ्यांना सिनेमामुळं ठाऊक होतं. पण स्पेनमध्ये नवरा मुलगाही एकटा येत नाही. त्याला त्याची आई घेऊन येते. तिला मद्रीना म्हणतात. सगळ्यांदेखत ती मुलाचा हात धरून चालते आणि लग्न लागेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहते.

पद्मजाच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. आपल्यासाठी असं काही जगात असू शकतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि ते लपवायला तिनं मान खाली घातली. तेवढा वेळ नानांना पुरला.

"मोठी आई येईल ना," ते कौमुदीकडं हात करून म्हणाले. "मोठी आई म्हणजे आईच. पद्मजाचं कसं आहे, तुले माहीत आहे."

हे "कसं आहे" म्हणजे काय, ते कोणी उच्चारत नाही. भार्गव सात वर्षांचा असताना त्याचा बाप शेखर गेला. रेल्वेनं त्याच्या जागी पद्मजाला घेतलं. नोकरीतली पद्मजा वेगळी होती. तिच्या टेबलावरून चुकीचं बिल पुढं सरकत नसे आणि साहेब लोकसुद्धा आवाज खाली ठेवून बोलत. पण नानांच्या घराचं फाटक ओलांडलं की तीच बाई मूग गिळून बसायची. लेकीच्या, अनुश्रीच्या लग्नात कन्यादान नाना-कौमुदीनं केलं, आणि पद्मजाच्या हातात कोठीच्या चाव्या दिल्या. मंगलाष्टकं चालू असताना ती आत लाडवांचे डबे सांभाळत होती. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या तिनं नंतर फोटोत पाहिल्या. आणि या घरातून निघताना दारात कौमुदी करंडा घेऊन उभी राहते, जाणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावते, आणि पद्मजापाशी आली की करंडा या हातातून त्या हातात घेते आणि पुढच्या बाईकडं वळते. इतकी वर्षं. कौमुदी वाईट बाई नव्हे. पण वाईट नसलेल्या माणसांनी केलेलं विसरायला जास्त जड जातं.

सकाळचे विधी नाना-कौमुदीच करणार हे पद्मजानं गिळलंच होतं. संध्याकाळ तरी परक्यांची होती. तिच्यावरही हे नागोबासारखे येऊन बसले. आणि पडद्यावरून तिचा मुलगा म्हणाला, "हां, ठीक है, मोठी आई आ जाएगी।"

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, चहाच्या निमित्तानं आत गेली, आणि तिथून परस्पर घरी. मग तो कुकर.

भार्गवशी ती बरेच दिवस बोलली नाही. शेवटी त्याचाच फोन आला.

"तू काहून बोलला नाही तवा?" तिनं विचारलं.

"आई, मुझे लगा तुलाच नको असेल. तू तो हर बार खुद ही पीछे हट जाती है।"

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. "मागं सरते, कारण पुढं कोणी बोलवत नाही," ती म्हणाली. "दरवाज्यात उभ्या माणसाले 'ये' म्हणावं लागते, बाबू." आणि फोन ठेवला.

लग्नाच्या आधी भार्गव आणि मार्ता पुढं आले, बाकीची मंडळी मागून येणार होती. नानांच्या हॉलमध्ये बॅगा उघडल्या. मार्तानं कागदात गुंडाळलेला एक चपटा डबा काढला आणि दोन्ही हातांनी कौमुदीपुढं धरला. आत तिच्या आजीची लेस होती. तिच्या घरातली प्रत्येक मद्रीना हीच डोक्यावर घेऊन चालली, असं तिनं भार्गवकडून सांगवलं. कौमुदीनं हौसेनं कागद बाजूला केला आणि हात मागं घेतला.

लेस काळी होती. कोळ्याच्या जाळ्याइतकी बारीक, पानाफुलांची, आणि डोक्यापासून कमरेपर्यंत काळीभोर.

"हे तर काळं आहे," कौमुदी म्हणाली.

"हो, मद्रीनाची काळीच असते," भार्गव म्हणाला. "उनके यहाँ शुभ है।"

"त्याहिच्या इथं असल. माह्या कपाळाले कुंकू आहे, मी लग्नात काळं डोक्यावर घेऊ?" कौमुदीचा हात आपोआप मंगळसूत्रावर गेला. हिरवी नाही का मिळणार, मोतिया नाही का, असं तिनं विचारून पाहिलं. मार्ताला शब्द कळले नाहीत, पण आजीच्या लेसकडं लोक कसे बघताहेत ते कळलं. तिनं डब्याचं झाकण हळूच लावलं. पोरीचा उतरलेला चेहरा पाहून पद्मजाला तिची कीव आली.

नानांनी एकदा लेसच्या डब्याकडं पाहिलं, एकदा पद्मजाकडं. मग सुंठीवाचून खोकला गेल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, एवढं काय टेन्शन घेऊन राहिले? पद्मजा आहे ना. ती घेईल. तिले चालते."

तिले चालते. सोप्या, मोकळ्या आवाजात, जुना माठ कुणाच्या अंगणात ठेवावा हे सुचल्यासारखं ते म्हणाले. भार्गवनंही सुटकेचा श्वास टाकला, आणि तो श्वास पद्मजानं ऐकला. जे मिळावं म्हणून ती इतके दिवस मनात जळत होती, ते आता असं तिच्या पुढ्यात टाकलं जात होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं.

"नाही," ती म्हणाली.

त्या घरात हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. नानांना वाटलं, तिनं नीट ऐकलं नाही. "अवं, तुलेच मान देऊन राहिलो ना."

"मान नाही देऊन राहिले, नाना. तुम्हाले नको ते माह्या डोक्यावर ठेवून राहिले. अनुश्रीच्या लग्नात मले चाव्या देल्या, मी घेतल्या. माह्या पोटची पोट्टी, तिच्यावर अक्षता टाकायले मले कोणी बोलावलं नाही. तवा मी अपशकुनी. आज काळं निघालं, तर मी चालते. मी काय या घराची अडगळीची खोली आहे काय?"

"आई, प्लीज, बाद में बात करते हैं," भार्गव म्हणाला.

ती बाहेर निघून गेली. अंगणात स्कूटीला किल्ली लावली. भार्गव मागोमाग आला.

"आई, मेरे साथ तू ही चल। मला तूच पाहिजे."

"हे मले काहून सांगून राहिला? अंदर जाऊन सांग."

"मोठे बाबा नाराज होंगे।"

"हव. होतील." तिनं किल्ली काढून मुठीत धरली. "आन ऐक. संध्याकाळचंच नाही. माह्या डोक्यावर काळं चालते, तर तुह्या कपाळाले कुंकू लावायले माहा हातही चालते. सकाळी मांडवात तुले ओवाळीन तर मी ओवाळीन. नाही तर संध्याकाळी दुसरी आई शोध."

भार्गव उभाच राहिला. शाळेत मार खाऊन आला तरी कुणी मारलं ते न सांगणारा मुलगा तो. पद्मजानं त्याला मदत केली नाही. आजवर खूप केली होती. शेवटी तो आत गेला. खिडकी उघडी होती, आणि त्याचं मोडकं मराठी अंगणात ऐकू आलं.

"मोठे बाबा, सकाळी पण आई आणि संध्याकाळी पण आई. दोनों टाइम. ओवाळणार पण तीच."

"मंग आम्ही काय फक्त जेवायले यायचं?" नानांचा आवाज आला.

"हो, मोठे बाबा," भार्गव म्हणाला. "जेवायला या."

पद्मजा आत गेली. कोणाकडं न बघता तिनं टेबलावरचा डबा उचलला, झाकण काढलं आणि लेस डोक्यावर घेतली. मार्तानं पुढं होऊन ती दोन्ही खांद्यांवर सारखी केली. मग तिघं निघाली.

दारात कौमुदी सवयीनं करंडा घेऊन उभी होती. तिनं मार्ताला कुंकू लावलं. पद्मजापाशी आली आणि नेहमीसारखा करंडा या हातातून त्या हातात जायला निघाला. तो तिथं पोचण्याआधी पद्मजानं धरला. कौमुदीनं एकदा नानांकडं बघितलं, आणि बोटं सोडली.

"हे बरं नाही करून राहिली तू, पद्मजा," नाना म्हणाले.

"हव," पद्मजा म्हणाली. कुंकवात बोट बुडवलं आणि तिनं भार्गवला खाली वाकायला सांगितलं. तो वाकला. टिळा वाकडा लागला आणि मोठा लागला. तिनं तो तसाच राहू दिला.