लाटण्याची ठकठक

कर्फ्यू उठला त्या सकाळी चंडीगडच्या सेक्टर २२ मधून फोन आला. सुमनमावशीच्या शेजारचा कापडवाला बोलत होता. "बहनजी, आंटी दरवाज़ा नहीं खोल रहीं..." मी मनीमाजऱ्याच्या माझ्या घरून पोचेपर्यंत त्याने दार तोडलं होतं. मावशी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, हातात लाटणं. सगळं आटोपलं होतं.

काका हवाई दलातून निवृत्त होऊन चंडीगडलाच राहिले, आणि ते गेल्यावरही मावशी तिथून हलली नाही. त्या भिंतीपलीकडे तेव्हा पंजाबी शेजारणीचं, बीजींचं स्वयंपाकघर होतं. मावशीचं पंजाबी यथातथाच, बीजींना मराठीचा गंध नाही. पण चहा टाकला की लाटण्याने भिंतीवर ठकठक व्हायची आणि दुसरी कप घेऊन हजर. पुढे पंजाबात दिवस वाईट आले. कुठे स्फोट झाला, गोळ्या चालल्या, की मावशी आधी भिंत ठोकायची. पलीकडून उत्तर आलं की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा.

रस्ता वाहता, बसस्टँड जवळ. एकेक घर दुकान होत गेलं... टायपिंग क्लास, दवाखाना, फोटो स्टुडिओ. शेवटी बीजींनाही मुलाने आपल्याकडे नेलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात कापडाचे तागे आले. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसे. शटरं पडली की सगळ्या ओळीत मावशी एकटी. माझ्याकडे ये म्हणून मी किती विनवलं! "अगं, संध्याकाळी या रस्त्यावर घराचा म्हणून माझा एकच दिवा असतो. तोही विझवू?" म्हणाली. तिच्या या हट्टाचा मला अजून राग येतो.

डॉक्टर म्हणाले, त्या लगेच गेल्या नसाव्यात. फोन पुढच्या खोलीत होता, तिथवर तिला जाता आलं नसेल. भिंतीचा गिलावा मात्र एका जागी पार उडाला होता. कर्फ्यूमुळे दुकानं बंद होती; ऐकायला कोण होतं?

परवा सामान आवरायला गेले. मावसभावाने घर कापडवाल्यालाच द्यायचं ठरवलंय. दुकान वाढवायला तो ती भिंत पाडणार आहे. न राहवून मी लाटण्याने भिंतीवर ठकठक केली, हळूच. तर कापडवाला गिऱ्हाईक सोडून धावत दारात आला. "क्या हुआ बहनजी? सब ठीक?"

म्हणजे आवाज पलीकडे अगदी नीट जात होता.