तंदुरापुढचा तारा

...तर अमीरसाहेब रांग बघत बघत नोरमुरोदपाशी आले आणि थांबले, इथवर काल आलो होतो. आता हा नोरमुरोद कोण? अमिरांच्या फौजेतला साधा शिपाई. सकाळी कवायत, मग दिवसभर बाजारात तंदुरावर समसे, म्हणजे मांस-कांद्याचे भाजलेले समोसे, विकणं. पगारावर घर चालतं का कुणाचं! आमच्या बुखाऱ्यातली निम्मी फौज दुपारी न्हावी, मोची, नाहीतर खरबूजवाली असायची. त्या दिवशी रशियन पाहुणे यायचे होते आणि अधिकारी कमी पडले, म्हणून सरदार ऐनिद्दीनबेकनी याच्या खांद्यांवर सोनेरी पट्ट्या टाचून याला पुढे उभा केला. पट्ट्या जुन्या बाजारातल्या. मूळच्या कुण्या रशियन पोस्टमास्तरच्या, असं म्हणत. पण चमकत झकास!

नोरमुरोद उभा कसा, तर पहारेसारखा ताठ. का? झग्याच्या आत पोटाशी गरम समसे बांधलेले, परेड सुटली की विकायला. जरा वाकला असता तर पोट भाजलं असतं. अमिरांना वाटलं, वा, काय शिस्त! तबक पुढे आलं आणि तळहाताएवढा चांदीचा तारा त्याच्या छातीवर बसला.

घरी बायकोनं, ओयझमोननं, कपाळाला हात लावला.

"परत देऊन येतो," तो म्हणाला.

"काय सांगाल? अमिरांची चूक झाली म्हणून? आणि सांगायला डोकं कुठलं नेणार, शेजाऱ्याचं?"

तारा न लावता उंबऱ्याबाहेर दिसलं की फटके, हा दरबारचा नियम. म्हणून तारा लावूनच तो तंदुरावर गेला. गिऱ्हाइकं आली, ताऱ्याला लवून सलाम केला, आणि तशीच मागे सरकत शेजारच्या दुकानात गेली. साहेबाशी भावावरून हुज्जत कोण घालणार? त्यात समसा आतल्या भिंतीला चिकटवायचा म्हणजे अर्धं अंग तंदुरात घालायचं. तारा तापून लालभडक. आठवड्यात छातीवर ताऱ्याचा डाग उठला आणि पिठाचा डबा रिकामा झाला.

"बुखाऱ्यात एवढा मान कुणाला मिळाला नसेल," ओयझमोन डागावर लोणी लावता लावता म्हणाली. "कातडीपर्यंत पोचलाय. आता ऐका. अमिरांच्या नावानं मिळालेली खिलत, तो मानाचा झगा, कुठे घालतात?"

"सगळ्या कपड्यांच्या वर."

"मग?"

नोरमुरोदनं लगेच शेजाऱ्याकडून उसनं पीठ आणलं. दुसऱ्या दिवशी टोपलीभर समसे घेऊन तो ऐनिद्दीनबेकांकडे खिलत मागायला गेला. पोस्टमास्तरच्या पट्ट्या परत केल्या, तेव्हा सरदारांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्याकडे तेवढ्याच होत्या. खिलतींचं म्हणाल तर त्यांच्या घरात गाद्यांपेक्षा त्याच जास्त. आज याला दिलेली उद्या त्याच्या मेव्हण्याकडे, परवा पुन्हा सरदारांकडे. त्यातलीच एक फाटक्या अस्तराची काढून, चार माणसांसमोर, अमिरांच्या नावानं त्यांनी याच्या अंगावर घातली.

झालं! तारा आत, खिलत बाहेर. ऐन उन्हाळ्यात कापूस भरलेला तो झगा घालून नोरमुरोद घामानं निथळत होता, पण छाती भाजायची थांबली. गिऱ्हाइकं परतली, भाव पाडू लागली, "आका, आज कांदाच कांदा घातलास की रे!" म्हणून शिव्याही देऊ लागली. त्याला कान तृप्त झाल्यासारखं वाटलं.

मग एके दिवशी दरबारातला मानपानाचा कारभारी आला. त्याच्या स्वतःच्या छातीवर इतके तारे, की चालला की भांड्यांचं दुकान चालल्यासारखा आवाज. मागे फटकेवाला. ओयझमोनच्या हातातलं लाटणं थांबलं.

"ए समसेवाल्या! अमिरांचा तारा कुठाय? काढलास?"

नोरमुरोदनं तंदुरातून डोकं बाहेर काढलं, घाम पुसला आणि म्हणाला, "जागेवरच आहे हुजूर, कातडीला चिकटून. पण वर अमिरांचीच खिलत आहे. अमिरांचा मान बाजारात उतरवून बघायचाच असेल, तर तो हात तुमचा असू द्या. माझे दोन्ही पिठाचे आहेत."