पेण ते रोहा, कुणालाही न विचारता

जॉर्जियात मोटरसायकली भाड्याने देणाऱ्या माणसाचा निरोप शुक्रवारी आला. दोन गाड्या ठेवू, एक ठेवू, की रद्द करू? सोमवारपर्यंत कळवा.

दोन गाड्या माझी मैत्रीण शिल्पा आणि मी घेणार होतो. आठ वर्षं आम्ही बरोबर फिरलो. ती पुढे, मी मागे. हेल्मेटमधून एकमेकींशी बोलता यायचं. "डावीकडे घे. वाळू आहे. आता चहा." मी तिच्या गाडीचा लाल दिवा बघत चालवायचे आणि आपण खूप रस्ते पाहिले असं समजायचे. पावसाळ्यानंतर तिच्या नवऱ्याची बदली कोचीला झाली. तिने गाडी विकली. भांडण वगैरे झालं नाही. फोन रोज व्हायचे, मग आठवड्याने, मग सणाला.

तेव्हा प्रश्न एवढाच होता की मला एकटीला रस्ता सापडतो का. तो सोमवारच्या आत सोडवायचा होता. मी शनिवार-रविवार पेण ते रोहा आणि परत असं ठरवलं. हमरस्त्याने गेलात तर पंचेचाळीस किलोमीटर, दीड तास. मी पेणमध्येच राहते, तरी रोह्याला कधी पुढे राहून गेले नव्हते.

शनिवारी फक्त फोनच्या पडद्यावरचा नकाशा. रविवारी कानात त्याचाच आवाज, आणि टाकीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी. नियम एक: कुणालाही काही विचारायचं नाही, मराठीत एक शब्द बोलायचा नाही. जॉर्जियातल्या गावात माझी भाषा कुणाला येणार नव्हती. इथे तिचा आधार घेतला तर परीक्षा कसली?

नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घेतला. याला पैसे लागत नाहीत आणि नंतर नेटही लागत नाही. परदेशात हेच कामाला येतं. फोन हँडलला लावायचा क्लॅम्प मात्र रबराचा, धक्के खाणारा घ्या. साध्या क्लॅम्पने माझ्या जुन्या फोनचा कॅमेरा गेला.

हमरस्ता टाळायची सोय त्या नकाशात आहे. मी ती चालू केली. वडखळच्या अलीकडे त्याने मला खाडीकडे वळवलं. गाव संपलं, डांबर संपलं. उन्हात पडदा काळा दिसत होता, हाताने सावली केल्याशिवाय वाचता येईना. पुढे मिठागरं. चौकोनी पाणी, कडेला मिठाचे ढीग. निळी रेघ खाऱ्या जमिनीच्या बांधावरून सरळ पलीकडच्या गावात जात होती. मी तिच्यावरून गेले.

बांध निमुळता होत गेला. दोन्हीकडे पाणी, वळायला जागा नाही. गाडी दोनशे किलोची. मी इंजिन बंद करून बसून राहिले. शिल्पा असती तर आपण इथे आलोच नसतो, हा पहिला विचार.

मिठाच्या ढिगाशी दोन बायका काम करत होत्या. एक साठीची, एक तरुण. त्या चालत आल्या.

"कुठं चाललीस गो?" मोठीने विचारलं.

मी फोन पुढे केला.

"मुकी हाय का काय ही, काकी?" तरुण म्हणाली.

"मुकी असंल, नायतर मॅडम असंल."

"मॅडम लोकं तर लय बोलतात."

दोघी हसल्या. मला हसू आलं ते मी हेल्मेटमध्ये ठेवलं.

काकीने फोनकडे पाहिलंही नाही. तिने काटकी घेतली आणि बांधावरच्या ओल्या मातीत एक रेघ ओढली. रेघेवर दोन उभे दगड ठेवले. मग पुढे बोट करून दाखवलं: पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी, तिथे बांध खचलेला. तिने सूर्याकडे हात केला, तो थोडा पुढे नेला, आणि रेघेचा तो तुकडा तळहाताने पुसून टाकला. भरती आली की तिथे रस्ता उरत नव्हता. माझ्या नकाशाला भरती माहीत नव्हती.

मग दोघींनी मागून धरलं, आणि गाडी उलटी ढकलत आम्ही रुंद जागेपर्यंत आणली. मी हात जोडले. काकीने मान हलवली आणि कामाला गेली.

हमरस्ता, नागोठणे, मग निडीवरून रोहा. पोचायला चार तास लागले.

रात्री बाजारातल्या एका खाणावळीत जेवले. मालकाने मराठीत विचारलं, मग हिंदीत, मग काही न विचारता उभा राहिला. मी शेजारच्या ताटाकडे बोट दाखवलं. बांगडा आणि तांदळाची भाकरी आली, दोन्ही उत्तम. शेजारी दोघं कंपनीतल्या शिफ्टबद्दल बोलत होते. एकाची बायको माहेरी गेली होती आणि त्याला वरण जमत नव्हतं. दुसरा त्याला हिंग कधी घालायचा ते सांगत होता. मला सगळं कळत होतं आणि त्यातलं काहीच माझ्यासाठी नव्हतं. लॉजवर आले तेव्हा लक्षात आलं, दिवसभर बोलले नाही याचा मला फारसा त्रास झाला नव्हता. सवय आधीचीच होती.

रविवारी कानातला आवाज. त्याला गावांची नावं नीट म्हणता येत नाहीत, पण नजर रस्त्यावर राहते. साठच्या पुढे वाऱ्यात ऐकू येत नाही. चिठ्ठीवरची शाई घामाने पसरली. तरी वळणापर्यंतचे किलोमीटर तिच्यावरूनच नीट कळले. पेन्सिलने लिहा.

परतताना वडखळ ओलांडल्यावर आवाज म्हणाला, सरळ. मी खाडीकडे वळले.

गाडी गावात ठेवून चालत गेले. दोघी तिथेच होत्या.

"काकी," मी म्हणाले, "काल मी मुद्दाम बोलले नाही. मी इथलीच आहे."

"माहीत हाय. गाडीच्या पाठीवर नंबरात शून्य सहा लिवलंय. पेणची गाडी. तेवढं वाचता येतं मला."

"मग काल काही म्हणाला का नाहीत?"

"काय म्हणू? वाटलं, बाईला बोलायचं नाय. नसतं कधी कधी. वाट तर दाखवायलाच पायजे, बुडाली असतीस."

"मी मुकी बोलले, राग नको धरू," तरुण म्हणाली. "मला काय माहीत, मुकीला ऐकू येतं."

त्यांनी किटलीतला चहा दिला. मी जॉर्जियाचं सांगितलं.

"एकटीच?"

"अजून ठरत नाही."

"तिकडं मिठागरं हायत?"

"माहीत नाही."

"मग बघून ये," काकी म्हणाली, आणि टोपली उचलली.

घरी आल्यावर ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते ठरवलं. फोनमध्ये उतरवलेला नकाशा, पण मार्ग घरीच आखून, यंत्रावर न सोडता. चालवताना फक्त आवाज. टाकीवर पेन्सिलची चिठ्ठी. खिशात कोरी वही, समोरच्या माणसाच्या हातात द्यायला. जीपीएसचं वेगळं महागडं यंत्र मी घेणार नाही. कोणत्याही साधनाने रस्ता दाखवला तरी शेजारची जागा भरत नाही. त्यासाठी काही विकत मिळत असेल तर मला ठाऊक नाही.

सोमवारी सकाळी कळवलं: एक गाडी. त्यांचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, अपघात झाल्यास कुणाला कळवायचं. मी शिल्पाला फोन लावला आणि तुझं नाव लिहू का, असं विचारलं.

"विचारतेस काय त्यात? लिही." मग थांबून, "रस्ता कोण बघणार?"

"मीच."

फोन कुणी ठेवला नाही. तिच्याकडे लांब कुठेतरी मल्याळममध्ये भाजीवाला ओरडत होता.

"निघतेस कधी?" तिने विचारलं.

मी तारीख सांगितली. तिने ती सावकाश, लिहून घेताना म्हणतात तशी, पुन्हा एकदा म्हटली.