मोरणीची सलामी

नवल साक्रीचा, पण त्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या वरातीत गेलं. पिंपळनेरपासून धुळ्यापर्यंत कुणाचाही नवरदेव मारुतीला निघाला की खाली नवलची पांढरी घोडी असायची. मोरणी तिचं नाव. बाजा सुरू झाला की ती गुडघे उचलून नाचायची, आणि चाबकाचा गोंडा पायाला लागला की पुढचा गुडघा मुडपून सलामी द्यायची. चाबूक मारायला नव्हताच. त्याला रेशमी गोंडे होते, आणि तिला उभ्या जन्मात नवलने एक फटका दिला नव्हता.

आषाढ लागला की लग्नं बंद. मोरणी खुंट्याला, नवल ओट्यावर. बायको दिपमाला बोलायची, "घोडी बसीसन खास, तुम्ही बी बसीसन खातस. उभी ते मी एकलीच!"

म्हणून डोंगरात फिरायला येणाऱ्यांसाठी नव्या वाटा आखायची बैठक आहे असं कळलं तेव्हा नवल इस्त्रीचा सदरा घालून गेला. सोबत बाजेवाला तोताराम. आराखडा करणारी पलक धुळ्याच्या एका मारवाडी कापडवाल्याची मुलगी, स्वतः सायकल हाणणारी. भिंतीवर तिने नकाशा लावला होता: सायकलींची निळी रेघ, पायी चालणाऱ्यांची हिरवी, आणि घोड्यांची तपकिरी, नुसत्या ठिपक्यांची. सायकलवाले कुरकुरत होते. टापांनी वाट उखडेल, आणि इकडे घोड्यावर बसतं कोण?

पलकने सभेलाच विचारलं, घोडा आहे का कुणाकडे? नवल उठला.

"भाऊ, तुमची घोडी डोंगरात चालते?"

"चालते? पळते, ताई!"

तोतारामने त्याचा सदरा ओढला. "आरे, तुनी घोडी बाजाशिवाय पानी बी पेत नही."

"गप रे!"

ठरलं. रविवारी घोडी चालवून बघायची. जमलं तर ठिपके जोडून रेघ पक्की, आणि घोडेवाला म्हणून नवलचं नाव. पावसाळ्यातही हाताला काम.

रविवारी पाऊस उघडला होता. आठ-दहा सायकलवाले, पलक, आणि गंमत बघायला तोताराम. नवल ऐटीत बसला. वस्तीच्या टोकाला शेंदराचा मारुती आला आणि मोरणी थांबली. नुसती थांबली नाही, पायरीला डावी बाजू लावून उभी राहिली, नवरदेवाला उतरायला सोपं जावं म्हणून. नवलने टाच मारली, लगाम बाजूला ओढला. ती हलेना.

पारावरचे निंबा आबा ओरडले, "आरे, नवरदेव कोठे शे?"

सगळे हसले. नवलही हसला, पण त्याचे कान तापले होते. शेवटी तो उतरला, मारुतीला हात जोडले, पुन्हा चढला. तेव्हा ती निघाली.

पुढे मुरुमाचा चढ. वाट एका सायकलीपुरती. मोरणीला डांबरी रस्ता माहीत, मांडवातला गालिचा माहीत. इथे तिचे पाय घसरायला लागले. चार पावलं टाकायची आणि मागे बघायची. बाजा कुठे राहिला?

एका सायकलवाल्याने मोबाइलवर वरातीचं गाणं लावलं. मोरणी त्या चढावर नाचायला लागली. माणसं पोट धरून हसत होती, मोबाइल वर करून तिला टिपत होती. "काका, आम्हाला बी बसवा ना, मुंडावळ्या आणल्यात!"

नवलला ते हसणं सहन होईना. तो खाली उतरला आणि त्याने चाबूक उचलला. गोंड्याने नव्हे, उलटा धरून दांड्याने. सणकन तिच्या पुढच्या पायावर.

मोरणी ना उधळली ना खिंकाळली. पायाला चाबूक लागला म्हणजे सलामी, एवढंच तिला ठाऊक. तिने मान तुकवली आणि त्या टोकदार खडीवर गुडघा टेकला. सगळ्यांना सलामी दिली आणि तशीच थांबली, कुणीतरी 'उठ' म्हणायची वाट बघत. खडीवर रक्त उतरलं.

गाणं बंद झालं. मोबाइल खाली आले.

नवलच्या तोंडून 'उठ' निघेना. तोतारामनेच तिला उठवलं. पलकने बाटलीतल्या पाण्याने गुडघा धुतला. तिच्याकडे बघायची नवलला हिंमत होईना, आणि मोरणीकडे तर त्याहून नाही.

"भाऊ," पलक हळूच म्हणाली, "चढ कमी करता येईल, वळसा घालून. रेघ ठेवू का?"

हो म्हटलं असतं तर काम होतं. ओटा सुटला असता.

"रेघ ठेवा ताई. कुणाची डोंगरातली घोडी येईल. मनी घोडी लग्नाची शे. मी खोटं बोललो. माझं नाव नका लावू."

परतताना तो चढला नाही. लगाम सैल धरून पुढे चालला. पाठीमागून तिचं लंगडं पाऊल वाजत होतं आणि तो मागे वळत नव्हता. मारुतीपाशी ती पुन्हा थांबली, पुन्हा डावी बाजू पायरीला लावली. पारावर निंबा आबा अजून बसलेलेच होते. त्यांचं तोंड उघडलं, पण गुडघ्याकडे बघून मिटलं.

नवलने लगाम ओढला नाही. जाणारे-येणारे बघत होते. बघू दे. नवरदेव उतरायला लागतो तेवढा वेळ तो मान खाली घालून तिच्या बाजूला उभा राहिला. मग तीच निघाली, आणि तो तिच्या मागे.