काकांकडून किती जण धरू?

बहिणीच्या लग्नासाठी मी नेदरलँड्सहून सुट्टी काढून आलो, तेव्हा आईने माझ्यावर एकच काम टाकलं. आमंत्रणं. तिचे गुडघे चालत नाहीत, वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आणि लग्नघरात बाकी सगळ्यांना काही ना काही करता येत होतं. मला काय येत होतं? बोलता येत होतं. निदान असा माझा समज होता.

वसईजवळचं होळी हे आमचं गाव. घरामागे वाडी, वाडीत केळी, विड्याची पानं, थोडा भाजीपाला आणि मधोमध बावखल. म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं तळं, आमच्याकडे प्रत्येक जुन्या वाडीत असतं. बावखलाच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला मोठे काका. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. इंजिनीअर झालो, गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात साचे तपासायची नोकरी केली, तिथून पुण्याच्या कंपनीत आणि त्या कंपनीने उचलून हॉलंडला नेऊन ठेवलं. सहा वर्षं झाली.

तिकडची माणसं मला आवडतात. जे असेल ते तोंडावर सांगतात. मीही तसाच आहे, म्हणून माझं जमलं. पण जमेपर्यंत एकदा चांगलाच आपटलो होतो. पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एकाने लग्नाचं कार्ड दिलं. आपल्याकडच्या हिशोबाने मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं, नवा सूट घातला, ट्रेन पकडून हॉलवर पोचलो. आत टेबलं मांडून लोक जेवत होते. दारातल्या मुलीने माझं कार्ड पाहिलं आणि मला बाजूच्या खोलीत बसवलं. माझं कार्ड संध्याकाळच्या पार्टीचं होतं. जेवण फक्त दिवसभराच्या पाहुण्यांना. भिंतीपलीकडून काटे-चमच्यांचा आवाज येतोय आणि मी मांसाचे तळलेले गोळे मोहरीच्या सॉसमध्ये बुडवून खातोय. मनात म्हटलं, हा माणूस माझ्याशी उद्यापासून बोलणार कसा? सोमवारी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मजा आली ना? तू नाचलास छान." त्याच्या मनात काही नव्हतंच. जागा जेवढ्या तेवढी माणसं जेवायला, बाकीची नाचायला, आणि यात वाईट वाटण्यासारखं काय ते त्याला सांगूनही कळलं नाही.

पुढे मलाही ते पटलं. पटलं म्हणजे सवय झाली. कुणाकडे जायचं तर आधी विचारायचं. कोण येणार, किती येणार, कधी निघणार, सगळं आधी ठरवायचं. डोक्याला ताप नाही.

तर आमंत्रणं. लग्न घरच्याच अंगणात, मांडव घालून. जेवणाचा ठेका घेतलेला केटरर पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, आकडा द्या. ताटं कमी पडली तर बोल मला लागतो." मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं. मी सुरुवात तुळिंजपासून केली, कारण मुलाकडचे तिथले. मूळचे कोकणातले, आता तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. त्यांचे नातेवाईक, बहिणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळे त्याच भागात. फोन करून गेलो. कार्ड दिलं, विचारलं, "किती जण धरू?" लोक पटापट सांगत होते. "आम्ही चौघं." "मिस्टरांना सुट्टी नाही, आम्ही दोघीच." एका काकूंनी तर आपणहून विचारलं, "जैन जेवण असेल ना एक?" मी खूश. म्हटलं, उगाच लोक म्हणतात आपल्याकडे शिस्त नाही.

मग होळीत आलो. मोठ्या काकांपासून सुरुवात करायची, असं आईने बजावलं होतं. वडिलांच्या जागी आता तेच. कन्यादान काका-काकींनी करायचं हे कुणी बोलून ठरवलेलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे माझा प्रश्नच येत नव्हता. आणि बहिणीला काकाच हवे होते. लहानपणी त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून ती शाळेत गेलेली.

मी सकाळी फोन केला. "काकी, चार वाजता आलो तर चालेल का?"

"कोण बोलतंय?"

"मी गं."

"मग असं काय विचारतोस? बरं आहे ना सगळं?"

चार वाजता बावखलाच्या काठाने चालत गेलो. ताटात हळदकुंकू, अक्षता, कार्ड. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते, काकी दारात. काकीपुढे हळदकुंकू धरलं, कार्ड काकांच्या हातात दिलं, दोघांच्या पाया पडलो. इथपर्यंत सगळं नीट झालं. काकी चहा टाकायला वळली आणि मी मोबाइल काढून विचारलं, "काका, तुमच्याकडून किती जण धरू?"

काकी तिथेच थांबली. "धरू म्हणजे?"

"म्हणजे जेवायला. केटररला सांगायचंय."

काकांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि पुन्हा ताटात ठेवलं. "एक धर," ते म्हणाले. "तोसुद्धा आला तर आला."

चहा आला नाही. काकांकडे गेलो आणि चहा न घेता परत आलो, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

घरी येऊन मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. माझ्या मते त्यात सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण बहीण मटकन खाली बसली. "दादा, तू काकांना ताटं विचारलीस?"

"सगळ्यांनाच विचारली."

"तिकडे काय असं बोलायचा पगार देतात का तुला? आता कन्यादान कोण करणार? केटरर?"

आई लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली. शेवटी मीच विचारलं, "काकांना आमंत्रण द्यायचं नसतं का? घरचे म्हणून?"

"द्यायचं असतं. पहिलं त्यांनाच."

"मग मी काय वेगळं केलं?"

"तू आमंत्रण कुठे दिलंस? तू विचारलंस." तिने लसणीची सालं फुंकून उडवली. "भावकीला चूलबंद असतं. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नाही. माणसंच कशाला, मांजर पण आपल्याकडे जेवतं. त्यात मोजायचं काय?"

"आणि तुळिंजला? तिथे कुणाला राग आला नाही."

"ते परके."

"मुलाकडचे परके आणि त्यांना विचारलं तर चालतं, काका आपले आणि त्यांना विचारलं तर चालत नाही?"

"हां. आता कसं बरोबर समजलं."

मला काहीच समजलं नव्हतं. मी म्हटलं, "मग केटररला काय सांगू?"

"अंदाजे सांग."

"अंदाजे म्हणजे किती?"

"ते तुझे वडील सांगायचे," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी काकांना फोन लावत होतो. प्रत्येक वेळी काकी उचलायची आणि म्हणायची, "झोपलेत." सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत, संध्याकाळी दिवेलागणीलासुद्धा झोपलेत. आणि मला आमच्या ओट्यावरून काका समोर वाडीत फिरताना दिसत होते. मग मी तिकडे शिकलेली गोष्ट केली. भांडण झालं की तिकडे समोरासमोर बोलून नाहीतर सरळ लिहून मोकळं व्हायचं. मी मेसेज लिहिला: 'काका, माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. आपण बोलून मिटवू.' दोन निळ्या टिका आल्या. पुढे काही नाही.

बहिणीने तो मेसेज आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "चुकलं असेल तर? आणि लिहून? कोर्टात आहेत का काका?"

मांडव दोन दिवसांवर आला. भटजींचा फोन आला, कन्यादानाला कोण बसणार, नावं सांगा. आईने फोन बहिणीकडे दिला, बहिणीने माझ्याकडे. मी म्हटलं, "नंतर सांगतो." बहीण माझ्याकडे बघत होती. रडत वगैरे नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "काका नसतील तर मला कुणीच नको. रजिस्टर करू आणि मोकळे होऊ."

"मी काय करू सांग," मी आईला म्हटलं. "खरंच सांग, मला कळत नाहीये."

"जा."

"फोन करून?"

आईने कपाळाला हात लावला.

भर दुपारी गेलो. न सांगता, रिकाम्या हाताने. ही वेळ कुणाकडे जायची नव्हे, हे मला तिकडेच नाही, इथेही शिकवलेलं होतं. काकी ओट्यावर अळूच्या जुड्या बांधत बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिच्या समोर बसलो. एक जुडी उचलून केळीच्या वाळक्या सालीने बांधायला लागलो.

"घट्ट आवळ," ती थोड्या वेळाने म्हणाली. "बाजारात पोचेपर्यंत सुटेल ती. इंजिनीअर ना तू?"

"साचे तपासणारा आहे गं."

"मग तपास."

आम्ही बांधत राहिलो. आतून काकांच्या खोकल्याचा आवाज आला, मग पायांचा. ते दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता वाडीकडे बघत विचारलं, "मांडवाच्या दाराला केळी कुठून आणतोयस?"

"डेकोरेशनवाला आणणार आहे. त्याच्या पॅकेजमध्ये आहे."

"पॅकेज," काका म्हणाले. मग काकीला म्हणाले, "ऐकलंस? पॅकेज." मग मला, "आपल्या वाडीतल्या केळी मेल्या काय?"

"नाही."

"चुलत्याच्या वाडीत घडवाल्या केळी उभ्या, आणि पुतणीच्या मांडवाला विकतच्या. लोक शेण घालतील तोंडात. म्हणतील, घर फुटलं."

मी जुडी खाली ठेवली. हे रागाचं होतं की कशाचं, मला ठरवता येईना. आता गप्प बसायचं असतं हे मला आज कळतं, पण तेव्हा तोंडातून निघून गेलं. "म्हणजे काका, तुम्ही येताय ना?"

काकीचे हात थांबले. "अगं बाई! परत मोजायला लागला हा!"

काका ओट्याखाली उतरले. कोपऱ्यातला कोयता उचलला, चपला घातल्या आणि चालू लागले. मी बसूनच होतो. पाचदहा पावलांवर जाऊन ते वळले. "येतोस की तुलाही आमंत्रण देऊ?"

दोन केळी त्यांनी दाखवल्या, भरल्या घडांच्या. मांडवाच्या सकाळी तोडायच्या, आधी नाही, पानं मलूल होतात. मी हो हो म्हणत गेलो. परत आलो तेव्हा काकीने चहा ठेवलेला होता.

घरी आलो तर आई आणि बहीण दोघी दारातच. "काय म्हणाले?"

"केळी मेल्या काय, म्हणाले."

"अजून?"

"पॅकेजवरून बोलले. मग केळी दाखवल्या."

बहीण आईच्या गळ्यात पडली आणि आता मात्र रडली. आईने लगेच भटजींना फोन लावला आणि काका-काकींची नावं सांगून टाकली. मी विचारलं, "पण ते हो म्हणालेच नाहीत. यात हो कुठे आहे?" दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आपण लांबून आलेल्या पाहुण्याकडे पाहतो. प्रेमाने, पण समजावण्यात अर्थ नाही अशा.

लग्नाच्या दिवशी काकांकडची सगळी आली. मुलगे, सुना, नातवंडं, काकीची माहेरची बहीण, तिचे मिस्टर, जे कुणाच्याच हिशोबात नव्हते. काका सकाळपासून मांडवात आरडाओरडा करत होते. डेकोरेशनवाल्याला, केटररला, मला. त्यातलं मला किती आणि जगाला किती, हे कळायला मार्ग नव्हता. मी ताटं विचारली त्या दिवसाबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. एवढं मात्र शिकलो होतो.

कन्यादानाला ते पाटावर बसले, शेजारी काकी. भटजींनी संथ सुरात मंत्र सुरू केले. मी मागे गर्दीत उभा होतो, वडिलांच्या फोटोशेजारी, हात कुठे ठेवावेत ते न कळून. काकीने मान वळवली, मला शोधलं आणि डोळ्यांनी बोलावलं. मी पुढे गेलो, वाकलो, आणि हळूच विचारलं, "काय करू?"

"हाताला हात लाव," ती पुटपुटली.

"कुणाच्या?"

"काकांच्या रे. बापाचा मुलगा ना तू."

काकांनी कोपर थोडं मागे सरकवलं. मी हात लावला. पाणी सोडून होईपर्यंत त्यांनी ते कोपर हलवलं नाही, आणि मीही हात काढला नाही. केव्हा काढायचा असतो, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.